कॅसेटमधला चुलता

भारती भिंगारदिवेला जेवतानासुद्धा एका जागी बसवत नसे. ताट हातात घेऊन ती दारात उभी राहायची, दोन घास खाल्ले की अंगणात जायची, तिथून परत चुलीपाशी. तिची आई रतनबाई म्हणायची, "अगं, टेक की जरा. कुनी मागं लागलंय का तुझ्या?"

मागं कुणी लागलेलं नव्हतं. राहुरीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, वडील बन्सी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. भारती बी.कॉम. झाली, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, एका पतसंस्थेत काही महिने खुर्चीवर बसली आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन घरी आली ती परत गेलीच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाय आखडतात."

मस्कतला नोकरीला असलेला तिचा मामेभाऊ प्रवीण पंच्याण्णव साली सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्याकडे एक व्हिडिओ कॅमेरा होता. तळहातात मावेल एवढा. त्याच्या बहिणीच्या लग्नात त्यानं तो भारतीच्या हातात दिला, आणि नंतर तिच्याकडून परत मागणं त्याला जमलंच नाही. जाताना म्हणाला, "ठेव. मी तिकडं दुसरा घेईन."

कॅमेरा डोळ्याला लावला की भारती थांबायची. कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास धरायची आणि एखाद्या चेहऱ्यावर अशी खिळून राहायची की रतनबाईलाही नवल वाटायचं. पहिल्यांदा तिनं आईलाच घेतलं, भाकरी थापताना. मग वायरी टीव्हीला जोडून दाखवलं. भाड्यानं आणलेल्या कॅसेटी धुरकट दिसायच्या. हे चित्र लखलखीत होतं. कपाळावरचं गोंदण, हाताला चिकटलेलं पीठ, भुवईतला एकेक पांढरा केस.

"एवढं कशाला दावतो गं ह्यो?" रतनबाई पदर तोंडावर घेऊन म्हणाली.

भारतीला मात्र त्या स्वच्छ चित्राचं वेड लागलं. ती लग्नांचं शूटिंग घ्यायला लागली. सुरुवातीला लोक हसायचे. त्या काळात शूटिंगवाला म्हणजे खांद्यावर बंदुकीसारखा मोठा कॅमेरा, मागं हॅलोजन धरणारा माणूस. हा एवढासा डबा बघून मंडपातले म्हातारे विचारायचे, "खेळन्यातला हाय का खरा?" काही घरांत आधी आडनाव विचारायचे आणि मग "कळवतो" म्हणायचे. पण हळदीच्या वेळी बायकांना शूटिंगवाल्या बाप्याची अडचण व्हायची. बाई आलेली त्यांना बरी वाटायची. तोंडातोंडी नाव पसरलं आणि दोन उन्हाळ्यांत तिला राहुरी-राहात्याच्या पट्ट्यात बोलावणी यायला लागली.

शूटिंग तिला आवडायचं, पण त्यानंतरचं काम जिवावर यायचं. कॅमेऱ्यातली छोटी टेप टीव्हीवर लावायची, हवं तेवढंच व्हीसीआरवर मोठ्या कॅसेटमध्ये उतरवायचं. इकडं चालू, तिकडं थांबवलेलं. नेमक्या क्षणी बटण सोडायचं. त्यासाठी तासन् तास बसावं लागे. त्यातून दिवसा लाइट जायची. आणि एवढं करून मोठ्या कॅसेटवर चित्र फिकं पडायचं. लाल शालू पसरल्यासारखा दिसायचा, डोळ्यांतली चमक जायची. गिऱ्हाइकाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तिनं मूळ पाहिलेलं असायचं, म्हणून तिला चैन पडायची नाही. मध्येच उठून ती कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत उगाच चालून यायची.

घरात तिच्या लग्नाचा विषय निघायचा. बघायला येणारे पोहे खाऊन विचारायचे, "लग्नानंतर पण ही अशीच फिरणार का?" भारती कपबशा उचलून आत जायची आणि मागच्या दारानं बाहेर.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ढोकण्यांच्या वृषालीचं लग्न झालं. वृषाली टायपिंगच्या क्लासला भारतीच्या शेजारच्या मशीनवर बसायची, म्हणून शूटिंग भारतीताईच करणार हा तिचा हट्ट. तिचे वडील आबासाहेब ढोकणे मुळेच्या कालव्यावर ऊस असलेले बागायतदार, गावच्या सोसायटीचे चेअरमन. मांडव मोठा, पंगती मोठ्या. आणि त्या सगळ्या गोंधळात भारतीच्या कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा एकच माणूस यायचा. बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेला, डोक्यावर केशरी फेटा, गळ्यात घामानं भिजलेला टॉवेल. वृषालीचा चुलता गोरक्षनाथ. आबासाहेबांचा धाकटा भाऊ. बर्फाची लादी तोच उतरवतोय, जनरेटर बंद पडला तर तोच ओणवा झालाय, म्हाताऱ्या आत्याला उचलून खुर्चीवर तोच बसवतोय. पाठवणीच्या वेळी वृषाली आईच्या गळ्यातून सुटली ती थेट त्याच्या गळ्यात पडली.

लग्नसराईत कामं साचली, व्हीसीआरचं हेड खराब झालं, कॅसेट राहिली. पाऊस सुरू होऊन पेरण्या झाल्या आणि एका दुपारी आबासाहेब जीपमधून भारतीच्या दारात उतरले. रतनबाईनं चहा विचारला. "आत्ताच झाला," म्हणाले आणि खुर्ची पुसून टेकले. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कॅसेट झाली का?"

"या आठवड्यात होईल, आबा."

"झाली न्हाई ते बरं हाय. त्यातनं गोरख काढून टाक."

भारतीला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हंजे काढ. दिसला न्हाई पायजे. सोसायटीला माझ्या इरोधात उभा ऱ्हायलाय, समोरच्या पॅनलमधनं. सख्खा भाऊ! माझ्या पोरीच्या लग्नात मला त्याचं तोंड नको."

भारती म्हणाली, "पण ते सगळीकडं आहेत."

"मंग सगळीकडनं काढ," म्हणून ते निघून गेले.

ती कामाला लागली. गिऱ्हाइकाची कॅसेट, गिऱ्हाइकाची मर्जी, असं तिनं स्वतःला सांगितलं. गोरख दिसला की थांबवायचं, गेला की सुरू करायचं. पण व्हीसीआरची एक खोड होती. बटण सोडलं की टेप आधी थोडी मागं सरकायची आणि मगच पुढं जायची. त्यामुळं काप नेमका बसायचा नाही. ज्याला काढलं, त्याचा काही भाग राहूनच जायचा. नवरी हसतेय, आणि क्षणभर एक गुंडाळलेली बाही. पंगत बसलीय, आणि कडेला केशरी फेट्याचं टोक. भारती मागं घ्यायची, पुन्हा उतरवायची, पुन्हा तेच. तिचे खांदे भरून आले. ती उठायची, बसायची. आईवर विनाकारण खेकसायची.

आबासाहेबांनी येऊन पाहिलं, तेव्हा ते खुर्चीतून पुढं वाकले.

"ह्यो बघ. आला! आता गेला. ह्यो परत आला!"

त्यांच्या तोंडून ते इतक्या त्राग्यानं निघालं की आतल्या खोलीत रतनबाईला हसू आवरेना. आबासाहेब म्हणाले, "तुला वळखू येत न्हाई कुठं कुठं हाय ते. मी बसतो. मी सांगतो तसं काढ."

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. भारतीनं मूळ टेप लावली आणि पडद्यावर तो स्वच्छ, लखलखीत मांडव उभा राहिला. आबासाहेबांनी हे चित्र पाहिलेलं नव्हतं. त्यांनी फिकं पडलेलंच पाहिलं होतं. भावाला काढायचं म्हणजे भाऊ कुठं आहे ते शोधायचं, आणि शोधायचं म्हणजे त्याच्याकडेच बघत राहायचं. पहिला तासभर ते बोट दाखवत होते, "हितनं काढ, हितनं." मग नुसतीच मान हलवायला लागले. मग तेही थांबलं.

पंगतीच्या गर्दीनंतर चित्र एकदम मांडवाबाहेर गेलं. भारतीला आठवलं: गर्मीनं जीव घाबरा झाला म्हणून ती कनातीच्या मागं गेली होती, आणि तिथून लांबवर काहीतरी दिसलं म्हणून तिनं झूम केलं होतं. पाहुण्यांच्या जीपगाड्या उभ्या होत्या. एका जीपमागं नवरदेवाचे थोरले चुलते छातीवर हात बांधून उभे. मानपानावरून ते रुसले होते, वऱ्हाड परत न्यायची भाषा चालली होती, हे अख्ख्या मांडवाला माहीत होतं. त्यांच्यापुढं गोरख उभा होता. तो काहीतरी बोलत होता. पाहुण्यांनी मान फिरवली. गोरखनं डोक्यावरचा फेटा उतरवला, त्यांच्या पायांपाशी धुळीत ठेवला आणि खाली वाकला. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

अंतर लांबचं, त्यामुळं शब्द आले नव्हते. बँडचा आवाज तेवढा येत होता.

भारतीचं बोट पुढं पळवायच्या बटणावर गेलं. हे ह्या माणसाला दाखवावं की नाही? तिनं आबासाहेबांकडं पाहिलं आणि बोट काढून घेतलं.

पडद्यावर पाहुण्यांनी गोरखला खांद्याला धरून उठवलं. गोरखनं फेटा झटकला, पुन्हा डोक्यावर ठेवला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि मांडवाकडं पळाला. कुणीतरी त्याला हाक मारली असावी.

"मागं घे," आबासाहेब म्हणाले.

तिनं मागं घेतलं. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"मला वाटलं माझ्या बोलन्यानं ऐकलं त्यांनी," ते हळू म्हणाले. "मी जाऊन सांगितलं हुतं ना, की आमी मानसं लहान न्हाई म्हनून. तवा ते हसून आत आले." मग पडद्याकडं बघत म्हणाले, "त्याच्या आधीच हे झाल्तं."

ते उठले. दारात चप्पल घालताना एका पायाची चप्पल दुसऱ्या पायात गेली. रतनबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. त्यांनी तो घेतला, उभ्यानंच घटाघटा पाणी प्याले आणि जीपमध्ये बसून गेले. काय काढायचं, काय ठेवायचं, काहीच बोलले नाहीत.

त्यानंतरचे दिवस भारतीचे फार वाईट गेले. काम अर्धं पडलेलं, निरोप नाही. ती कॅसेट लावायची, बंद करायची. आबासाहेबांनी सांगितलं म्हणून कापलं, यात आपलं काय चुकलं, असं तिला वाटायचं. आणि लगेच कापताना वापरलेलं ते बोट दुसऱ्या कुणाचं आहे असं वाटायचं. शेवटी कुणालाही न विचारता तिनं दुसरी कोरी कॅसेट घेतली आणि सगळं लग्न पहिल्यापासून, गोरखसकट, उतरवायला घेतलं.

पंचमीला वृषाली माहेरी आली. राहात्याहून आलेल्या एसटीतून उतरून घरी जायच्या आधी ती पिशवीसकट भारतीकडंच आली. "ताई, लावा ना! सासरी सगळी विचारतात, कॅसेट कुठंय म्हणून."

व्हीसीआरमध्ये कापलेली कॅसेट होती. भारती बदलायला गेली तोवर वृषालीनं बटण दाबलं. ती मांडी घालून हौसेनं बसली. हळद झाली, ती हसली. मग हसणं कमी झालं. पडद्यावर म्हातारी आत्या अचानक खुर्चीवर अवतरली. पाठवणीला वृषाली आईच्या गळ्यातून सुटली, हात पुढं केले, आणि तिथंच चित्र तुटून एकदम गाडी हलताना दिसली.

"ताई," ती म्हणाली, "ही कुणाच्या लग्नाची कॅसेट हाय?"

भारतीनं सगळं सांगितलं. वृषाली रडली नाही. तिनं नाक शिंकरलं आणि म्हणाली, "मी चालायला लागले ते काकाच्या बोटाला धरून. आबांना सवड कुठं हुती? मला सगळी पायजे. परत जाताना नेते."

"आबा चिडतील."

"चिडू द्या. लग्न माझं झालंय."

तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी दारात सायकल थांबली. गोरक्षनाथ होता. आत यायला तो संकोचत होता. बन्सींनी त्याला हाताला धरून बसवलं. उसाच्या गाड्या घेऊन कारखान्यावर तो यायचा, दोघांची ओळख होती. चहा आला तसा त्यानं घेतला. मग भारतीकडं बघून म्हणाला, "जीपमागचं तू घेतलंयस म्हनं."

"कुणी सांगितलं?"

"आबानं." गोरखनं बशीत चहा ओतला. "सोसायटीच्या भांडनापासनं घरात पाय ठिवला नव्हता त्यानं. परवा आला. वट्यावर बसला. म्हनला, जीपमागं वाकला हुतास? मी म्हनलं, व्हय. मंग उठून गेला."

"एवढंच?"

"एवढंच. पन आला." त्यानं बशी खाली ठेवली. "त्यासाठी न्हाई आलो मी. पोरगी कॅसेट सासरी नेनार. तिथं तिचा चुलतसासरा बसून बघनार. आपला आडमुठेपणा चारचौघांत दिसला तर त्यो गप बसंल का? तिलाच घालून पाडून बोलंल. तेवढं पूस."

"कॅसेटमध्ये नाही घेत मी ते. पण मूळ टेपेत राहू द्या ना, काका. कोण बघतंय?"

"असलं की निघतं कधीतरी बाहेर. पूस. माझ्यासमोर पूस, म्हंजे मला झोप लागंल."

भारती उठून अंगणात गेली, परत आली. तिच्याकडच्या सगळ्या टेपांमध्ये तेवढ्या मोलाचं दुसरं काही नव्हतं, हे तिला नीट माहीत होतं. पण वाकला होता तो, आणि सांगत होता तोच. आबासाहेबांनी सांगितलं तेव्हा तिनं विचार न करता कापलं होतं. आता विचार करकरूनही तिला नाही म्हणता येईना. तिनं टेप कॅमेऱ्यात घातली, ती जागा शोधली, भिंगावर झाकण लावलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. धुळीतला केशरी फेटा काळ्या अंधाराखाली गेला. गोरख मन लावून बघत होता. संपल्यावर म्हणाला, "बरं झालं," आणि हात जोडून सायकलवर बसला.

वृषाली पूर्ण कॅसेट घेऊन राहात्याला गेली. आठवडा उलटला आणि आबासाहेब आले. या वेळी चालत. दारातच उभे राहिले.

"पोरीला दिलीस?"

"दिली."

"सगळी?"

"सगळी. जीपमागचं सोडून."

"ते तुझ्याजवळ हाय ना पन?"

"पुसलं, आबा. गोरखकाकांनी येऊन पुसून घेतलं."

आबासाहेबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. ते रागावतील म्हणून ती तयार होती. पण ते एवढंच म्हणाले, "मला इचारायचं तरी. अजून एकदा बघायचं हुतं." आणि वळून चालायला लागले. बरोबर काही नेलं नाही. ती मागून हाका मारत रस्त्यापर्यंत गेली. त्यांनी हात हलवून तिला परत जायला सांगितलं.

सोसायटीची निवडणूक ठरल्याप्रमाणे झाली. दोघं भाऊ समोरासमोर लढले, आबासाहेब निवडून आले, गोरख पडला. गुलाल घेऊन मिरवणूक गोरखच्या घरासमोरून निघाली तेव्हा आबासाहेबांनी ताशा बंद करायला लावला, असं गावात सांगतात. बांध वेगळे राहिले, बोलणं कामापुरतं राहिलं. वृषालीच्या पहिल्या बाळाच्या बारशाला मात्र दोघं एका जीपमधून राहात्याला गेले. रस्ताभर काय बोलले ते ड्रायव्हरलाही सांगता आलं नाही, कारण ते काही बोललेच नव्हते.

भारतीनं त्या हिवाळ्यात लग्नांची कामं घेणं बंद केलं. नगरला एका केबलवाल्यानं शहरातल्या बातम्या दाखवायला सुरुवात केली होती. त्याला कॅमेरा चालवणारं माणूस हवं होतं. ती गेली, आणि आठवड्यातच त्याच्या ध्यानात आलं की ही बाई ऑफिसात सापडणार नाही. कधी बाजार समितीत कांद्याच्या लिलावात, कधी टँकरच्या मागं जामखेडच्या वाटेवर. रतनबाई काळजी करायची. बन्सी मात्र कारखान्यात सांगायचे, "आमची पोरगी बातम्यांत हाय. दिसत न्हाई कधी. ती घेती ना, म्हनून."

नगरला तिनं एक भाड्याची खोली घेतली. लग्न तिनं बऱ्याच उशिरा केलं, आपल्या मनानं, एका एसटी कंडक्टरशी. त्या खोलीत भिंतीला लागून लोखंडी रॅक होतं आणि त्यात छोट्या टेपा ओळीनं लावलेल्या. केबलवाला म्हणायचा, "टेपा महाग आहेत बाई, जुन्यांवरच घ्या ना." भारती एकदाही जुन्या टेपेवर घेत नसे. नवी मिळाली नाही तर त्या दिवशी शूटिंगला जात नसे. खिडकीपाशी उभी राहून खालचा रस्ता बघत राहायची, मिळेपर्यंत.